सोनाराच्या हातून लेखकाच्या हाती : लिंडिसफार्नच्या ग्रंथचित्रांचे कूळ

इसवी सन ७०० च्या आगेमागे, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या दोन ख्रिस्ती मठांत, एका पिढीच्या आत, जवळजवळ सारख्याच बैठकीची दोन चित्रे काढली गेली. दोन्ही चित्रांत एक लेखक बसलेला आहे, त्याचे अंग बाजूला वळलेले आहे, पाय छोट्या चौरंगावर टेकलेले आहेत, मांडीवर उघडा ग्रंथ आणि हातात लेखणी आहे. पहिले चित्र जुन्या करारातल्या एज्रा शास्त्र्याचे असून ते वेअरमथ आणि जॅरो या जोडमठात तयार झालेल्या एका प्रचंड बायबलमध्ये आहे. दुसरे चित्र मत्तयाचे, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकाच्या कर्त्याचे आहे आणि ते तेथून साधारण ८० किलोमीटर उत्तरेला, लिंडिसफार्न नावाच्या बेटावर लिहिल्या गेलेल्या शुभवर्तमानांच्या ग्रंथात आहे. एज्राच्या मागे दारे उघडी असलेले ग्रंथांचे कपाट आहे, त्याच्या वस्त्रावर छायाप्रकाश आहे, आणि खोलीला खोलीसारखी खोली आहे. मत्तयाच्या मागे खोलीच नाही. एक पडदा टांगला आहे, बाकीची जागा सपाट रंगाची आहे, वस्त्राच्या चुण्या म्हणजे नुसत्या रंगीत रेषा आहेत आणि पायाखालचा चौरंग कलंडल्यासारखा दिसतो.

ही चित्रे शेजारी ठेवून पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार असा येतो की एकाला चित्रकला नीट येत होती आणि दुसऱ्याला येत नव्हती. युरोपच्या कलेतिहासातही हे मत पुष्कळ काळ टिकले होते. मला ते चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे आहे हे कळण्यासाठी ग्रंथातल्या चित्राची शैली येते कोठून, हे आधी समजून घ्यावे लागते.

कोणत्याही चित्राला दोन कुळे असतात. चित्रात काय काढायचे, माणूस कसा बसवायचा, त्याच्या हातात काय द्यायचे, हे चित्रकार बहुधा आधीच्या एखाद्या चित्रावरून घेतो, आणि हे झाले नमुन्याचे कूळ. परंतु ती रेषा ओढणारा हात, रंग भरण्याची सवय, कोणता आकार सुंदर आणि कोणता ओबडधोबड याविषयीची समज ही त्याला आपल्या आसपासच्या कारागिरीतून मिळते, आणि हे झाले हाताचे कूळ. सुरुवातीच्या मध्ययुगातल्या ब्रिटन आणि आयर्लंडच्या ग्रंथांत ही दोन कुळे इतकी वेगवेगळ्या प्रदेशांतली आहेत की त्यांचा जोड उघड्या डोळ्यांनी दिसतो. या ग्रंथांच्या शैलीला अभ्यासक ‘इन्सुलर’ म्हणजे द्वीपीय शैली म्हणतात.

हाताच्या कुळापासून सुरुवात करू, कारण तीच बाजू अधिक समृद्ध आहे.

लिंडिसफार्नचा ग्रंथ उघडला की प्रत्येक शुभवर्तमानाच्या आरंभी एक पान असे येते ज्यावर अक्षर नाही आणि माणूसही नाही. संपूर्ण पान बारीक नक्षीने भरलेले असते आणि त्या नक्षीत एक क्रूस गुंफलेला असतो. गालिचा पसरल्यासारखी दिसत असल्याने या पानांना गालिचा-पाने म्हणतात, आणि या ग्रंथात अशी पाच पाने आहेत. जरा थांबून पाहिले की लक्षात येते की ही नक्षी पट्ट्यांची गुंफण आहे, आणि त्या पट्ट्या म्हणजे पक्षी आणि चतुष्पाद प्राणी आहेत. त्यांच्या माना, शेपट्या आणि पाय ताणून दोरीसारखे लांब केलेले आहेत, आणि प्रत्येक प्राणी शेजारच्याला किंवा स्वतःलाच चावतो आहे. डोळा, चोच, नखे सारे जागच्या जागी आहे, पण एका प्राण्याचे अंग कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे शोधायला बोट फिरवावे लागते.

हे प्राणी चर्मपत्रावर येण्यापूर्वी सोन्यावर होते. १९३९ साली इंग्लंडच्या पूर्व भागात सटन हू येथे सातव्या शतकाच्या आरंभीचे एक दफन उघडकीस आले. त्यात एक अख्खे जहाज पुरलेले होते आणि त्यात शिरस्त्राण, तलवार, चांदीची भांडी आणि दागिने होते. त्यातल्या सोन्याच्या जाड बक्कलावर नेमके हेच गुंतलेले, चावणारे प्राणी कोरलेले आहेत. इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या जर्मानिक टोळ्यांच्या धातुकामात ही प्राणी-नक्षी होती आणि स्कँडिनेव्हियापर्यंत तिचे भाऊबंद सापडतात. बर्नहार्ड सालिन या स्वीडिश अभ्यासकाने १९०४ मध्ये या नक्षीचे प्रकार पाडले. त्यातला जो प्रकार ग्रंथांच्या सर्वांत जवळचा आहे, त्याला आजही त्यानेच दिलेल्या क्रमावरून ‘दुसरी शैली’ म्हणतात.

त्याच दफनातले, खांद्यावर वस्त्र अडकवण्याचे दोन आकडे तर मला गालिचा-पानांचे प्रत्यक्ष पूर्वज वाटतात. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या करून त्यांचे लहान लहान कप्पे केलेले आहेत, आणि प्रत्येक कप्प्यात तासलेले तांबडे गार्नेट किंवा रंगीत काचेचा चौकडीदार तुकडा बसवलेला आहे. मधल्या चौकोनात पायऱ्यांसारख्या आकारांची जाळी आहे आणि भोवती प्राण्यांच्या गुंफणीची किनार आहे. मधला भाग भूमितीचा, कडेला प्राणी, आणि सगळे चौकटीत घट्ट बांधलेले : पानाची रचना आणि दागिन्याची रचना एकच आहे. त्या काळच्या युरोपातल्या अशा जडावकामातले पुष्कळसे गार्नेट भारत आणि श्रीलंकेतून आले होते असे त्यांच्या रासायनिक तपासणीतून दिसले आहे, त्यामुळे या नक्षीच्या कच्च्या मालाचा एक धागा आपल्याकडेही येतो.

दुसरा धागा आयर्लंडचा. पानांवर प्राण्यांच्या जोडीला वर्तुळे आहेत, वर्तुळांत भोवरे आहेत, आणि एका भोवऱ्यातून निघालेली रेषा तुतारीच्या तोंडासारखी रुंद होत दुसऱ्या भोवऱ्यात शिरते. हा आकार केल्टिक लोकांचा असून त्याचे नाव स्वित्झर्लंडमधल्या ला तेन या स्थळावरून पडले आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकापासून तो ढाली, आरसे, कडी यांवर दिसतो. रोमन सत्तेखाली गेलेल्या प्रदेशांत तो मागे पडला, पण आयर्लंडवर रोमने कधी राज्य केले नाही आणि तेथे तो धातूवर आणि मिन्यावर जिवंत राहिला. टांगण्याच्या काशाच्या भांड्यांना ज्या मिनेकाम केलेल्या चकत्या असत, त्यांवरचे भोवरे आणि ग्रंथातले भोवरे यांत फरक करणे अवघड आहे, आणि अशी भांडी सटन हूच्या दफनातही मिळाली आहेत. म्हणजे केल्टिक भोवरे आणि जर्मानिक प्राणी हे ग्रंथात भेटण्यापूर्वीच एका सरदाराच्या खजिन्यात शेजारी शेजारी ठेवलेले होते.

हे भोवरे अक्षरांत कसे शिरले, हे पाहायचे तर आयर्लंडमध्ये जपलेल्या काथाख नावाच्या स्तोत्रसंहितेकडे जावे लागते. ती साधारण सन ६०० च्या आसपासची आहे आणि तिच्यात अजून पूर्ण पानभर चित्रे नाहीत. प्रत्येक स्तोत्राचे पहिले अक्षर मात्र मोठे आहे, त्याच्या टोकाला भोवरा आहे, आणि त्यानंतरची अक्षरे एकेक करून लहान होत मजकुराच्या मापाला येतात. याचे एक कारण व्यावहारिक आहे. आयरिश मठवासींची मातृभाषा लॅटिन नव्हती, ते ती पोथीवरून शिकत. रोमन पद्धतीने सगळे शब्द सलग लिहिलेले त्यांना वाचायला कठीण जाई. त्यामुळे शब्दांत अंतर सोडण्याची पद्धत त्यांनी रुळवली आणि नवा भाग कोठे सुरू होतो हे अक्षर मोठे करून दाखवले. या सोयीसाठी मोठे झालेले अक्षर पुढच्या शंभर वर्षांत वाढत वाढत पूर्ण पान व्यापून बसले. लिंडिसफार्नमध्ये लूकच्या आरंभीच्या एका पानावर अक्षरांभोवती दहा हजारांहून अधिक लाल ठिपके आहेत, आणि त्यातला प्रत्येक ठिपका हाताने दिलेला आहे.

अर्थात नुसत्या सोयीने एवढे कष्ट कोणी घेत नाही. योहानाचे शुभवर्तमान ‘प्रारंभी शब्द होता’ असे सुरू होते आणि तो शब्द देवच होता असे पुढे सांगते. ज्यांच्या लेखी हे वाक्य अक्षरशः खरे होते, त्यांनी शब्दालाच राजाच्या दागिन्यासारखे मढवावे यात नवल काही नाही. धातूची नक्षी पानावर येण्यामागे मला हे सर्वांत मोठे कारण वाटते. त्या समाजात सर्वांत मौल्यवान वस्तू कशी दिसते, याचे उत्तर सोनाराने आधीच देऊन ठेवले होते.

ही नक्षी काढायची कशी, हेही पानांच्या मागच्या बाजूने कळते. तेथे कंपासाच्या टोकाची भोके, ओळींची जाळी आणि शिशाच्या टोकाने केलेले कच्चे रेखन अजून दिसते. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईला हे लगेच कळेल : आधी ठिपके मांडायचे, मग रेषा एकदा वरून आणि एकदा खालून न्यायची, आणि शेवटी पुन्हा सुरुवातीच्या जागी आणायची. फरक इतकाच की येथे त्या रेषेला वाटेत कोठेतरी डोके आणि चोच फुटते. गुंफण स्वतः मात्र केवळ या बेटांची नाही. रोमन काळातल्या फरशांच्या जडावचित्रांत आणि इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथांत ती आहे, आणि ती नेमकी कोणत्या वाटेने आली यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.

दोन्ही धागे एकत्र येताना प्रत्यक्ष पाहायचे असतील तर डरोचा ग्रंथ पाहावा. तो सातव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे आणि आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्यात एक गालिचा-पान निव्वळ भोवऱ्यांचे आहे आणि दुसरे चावणाऱ्या प्राण्यांचे, जणू दोन कारागिरांनी आपापले काम वेगवेगळे मांडून ठेवले आहे. त्यातला मत्तयाचे प्रतीक असलेला मनुष्य तर मला फार आवडतो. त्याला हात नाहीत. खांद्यापासून घोट्यापर्यंत एक घंटेसारखा झगा आहे आणि त्यावर रंगीत चौकड्या आहेत, तशाच जशा सटन हूच्या कप्प्यांत रंगीत काच बसवलेली आहे. झग्याखालून दोन पावले एकाच दिशेला निघालेली दिसतात. येथे कापडाची चुणी दाखवण्याचा प्रयत्नच नाही, कारण चित्रकाराच्या डोळ्यांपुढे कापड नव्हते, मिना होता.

आता नमुन्याच्या कुळाकडे येऊ. बसून लिहिणाऱ्या माणसाचे चित्र या बेटांवर आपोआप सुचणारे नव्हते. ग्रीक आणि रोमन जगात ग्रंथाच्या आरंभी त्याच्या कर्त्याचे चित्र घालण्याची पद्धत होती : कवी, तत्त्वज्ञ किंवा वैद्य आसनावर बसलेला, हातात गुंडाळी किंवा पोथी. ख्रिस्ती ग्रंथकारांनी हीच बैठक उचलली आणि त्या जागी मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांना बसवले. सहाव्या शतकात इटलीत तयार झालेला एक शुभवर्तमान-ग्रंथ आज केंब्रिजमध्ये आहे. परंपरा असे मानते की सन ५९७ मध्ये रोमहून इंग्लंडला आलेल्या ऑगस्टीनच्या धर्ममंडळाशी तो जोडलेला आहे. त्यात लूक असाच, खांबांच्या कमानीखाली, आसनावर बसलेला आहे.

भूमध्य समुद्राकडून इंग्लंडच्या उत्तरेला ग्रंथ आणणारा सर्वांत उत्साही माणूस म्हणजे बेनेडिक्ट बिस्कॉप. हा नॉर्थम्ब्रियाचा सरदार होता आणि तो पुढे मठवासी झाला. तो पुन्हा पुन्हा रोमला गेला आणि प्रत्येक वेळी ग्रंथ, संतांचे अवशेष आणि चित्रे घेऊन परतला. त्याने ६७४ मध्ये वेअरमथचा मठ स्थापला आणि काही वर्षांनी जॅरोचा. त्या मठात लहानाचा मोठा झालेल्या बीड या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की चर्चच्या भिंतींवर मरिया, प्रेषित, शुभवर्तमानातले प्रसंग आणि बायबलच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथातली दृश्ये लावलेली होती, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ती पाहून समजावी. याच मठाच्या चेओलफ्रिथ या प्रमुखाने संपूर्ण बायबलच्या तीन अजस्र प्रती करवून घेतल्या. त्यातली एक पोपला अर्पण करण्यासाठी तो ७१६ मध्ये स्वतः घेऊन निघाला, पण वाटेत फ्रान्समध्ये लांग्र येथे त्याला मरण आले. तीच प्रत आज फ्लॉरेन्समध्ये आहे आणि तिला कोडेक्स अमियाटिनस म्हणतात. तिची पाने हजारांहून अधिक आहेत आणि वजन सुमारे ३४ किलो आहे.

एज्राचे चित्र याच प्रतीत आहे. त्याच्या कपाटात नऊ ग्रंथ ठेवलेले दिसतात. सहाव्या शतकात दक्षिण इटलीत व्हिव्हेरियम नावाचा मठ स्थापणाऱ्या कॅसिओडोरसकडे नऊ खंडांचे एक बायबल होते, आणि त्याच्याच ग्रंथसंग्रहातले एक मोठे बायबल जॅरोच्या मठात पोहोचले होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जॅरोच्या लेखकांनी इटालियन अक्षर आणि इटालियन चित्र इतके हुबेहूब उतरवले की हा ग्रंथ इटलीतच तयार झाला असे विद्वान दीर्घकाळ समजत होते. अर्पणलेखात कोणीतरी खाडाखोड करून चेओलफ्रिथच्या जागी दुसरे नाव घातले होते, आणि ते १८८० च्या दशकात उलगडले तेव्हा कोठे या बायबलचे जन्मस्थान इंग्लंड असल्याचे कळले. शैलीवरून जन्मस्थान ठरवणाऱ्यांनी हे उदाहरण कायम लक्षात ठेवावे असे आहे.

लिंडिसफार्नलाही इटालियन ग्रंथ पोहोचला होता, आणि याचा पुरावा चित्रात नाही, सणांच्या यादीत आहे. त्या ग्रंथातल्या यादीत नेपल्सच्या संत जानुआरिउसचा सण नोंदलेला आहे. उत्तर समुद्रातल्या बेटावर नेपल्सच्या संताचा सण पाळण्याचे दुसरे काही कारण नाही, म्हणजे ज्या पोथीवरून नक्कल झाली ती नेपल्सकडची होती. इजिप्तची वाटही खुणावते. लिंडिसफार्नच्याच कथबर्ट या संताच्या शवपेटीत सापडलेल्या योहानाच्या छोट्या शुभवर्तमानाची शिवण कॉप्टिक पद्धतीची आहे.

तर मग मत्तयाकडे पुन्हा पाहू. त्याच्या डोक्याच्या वर एक पंखधारी मनुष्य तुतारी वाजवतो आहे आणि शेजारी लॅटिनमध्ये ‘मनुष्याची प्रतिमा’ असे लिहिले आहे. त्याच्या नावाआधी मात्र ‘ओ आगिओस’ म्हणजे ‘संत’ हा ग्रीक शब्द लॅटिन लिपीत लिहिलेला आहे. पडद्याआडून एक दाढीवाला ग्रंथ धरून डोकावतो आहे, आणि तो कोण यावर बरीच चर्चा झाली आहे. आसन, चौरंग, पडदा, ग्रीक शब्द हे सगळे भूमध्यसमुद्राकडचे सामान आहे. चित्रकाराने त्यातले काही गाळलेले नाही. त्याने बदलले ते फक्त रंग भरण्याचे शास्त्र. इटालियन चित्रकार जेथे रंग गडद करत नेऊन चुणी दाखवतो, तेथे याने चुणीची कड पकडून स्वच्छ रेषा ओढली आणि दोन रेषांमधली जागा एका रंगाने भरली. कप्पे करून त्यात खडा बसवणाऱ्याची हीच रीत आहे. ज्या हाताने पुढच्याच गालिचा-पानावर एकही रेषा चुकू दिली नाही, त्या हाताला छाया जमली नाही असे म्हणणे मला पटत नाही. हे चित्र दुसऱ्या कुळातले नियम पाळते आणि ते नियम पूर्ण पाळते. जॅरोला आपण रोमचे आहोत हे दाखवायचे होते. लिंडिसफार्नचा मठ ६३५ मध्ये आयर्लंडच्या परंपरेतल्या आयोना बेटावरून आलेल्या एडनने स्थापला होता, त्याच्या भोवती जर्मानिक राजे होते आणि आयरिश रीत पाळायची की रोमन हे ठरवणाऱ्या ६६४ च्या व्हिटबीच्या धर्मसभेनंतर त्याने रोमची रीत स्वीकारली होती. या तिन्ही गोष्टी एका पानावर मांडण्याची निकड येथे होती.

रंगांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो अजूनही वाचायला मिळतो. या ग्रंथातला निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा आहे असे पूर्वी सांगितले जाई आणि त्यावर दूरच्या व्यापाराच्या कथाही रचल्या गेल्या. लेझरच्या साहाय्याने रंगांची जी तपासणी पुढे झाली, तिच्यात लाजवर्द आढळला नाही. निळा हा युरोपात उगवणाऱ्या वोड नावाच्या झाडाच्या पानांतून काढलेला, आपल्या निळीचाच रासायनिक भाऊ आहे. त्याच्या जोडीला शेंदूर, हरताळ, तांब्याचा जंगाल अशा मोजक्या रंगांतून ती सगळी श्रीमंती उभी राहिली आहे. सोने तर नाममात्र आहे.

यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. सन ८०० च्या सुमाराच्या केल्सच्या ग्रंथात ही शैली आपल्या टोकाला पोहोचली आणि त्यात मांडीवर बाळ घेतलेल्या मरियेचे पानभर चित्रही आले. युरोपच्या मुख्य भूमीवर शार्लमेनच्या दरबाराने मात्र जाणीवपूर्वक रोमन छायाप्रकाशाकडे तोंड वळवले, आणि तेथल्या ग्रंथांत द्वीपीय गुंफण मुख्यतः मोठ्या अक्षरांत आणि चौकटींच्या कोपऱ्यांत उरली.

लिंडिसफार्नचा ग्रंथ कोणी केला हे आपल्याला ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूमुळे कळते. त्याने दहाव्या शतकात लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत इंग्रजी अर्थ लिहिला, आणि शेवटी नोंद केली की ग्रंथ बिशप एडफ्रिथने लिहिला, एथेलवाल्डने बांधला आणि बिलफ्रिथ या एकांतवासीने बाहेरचे वेष्टन सोने, चांदी आणि रत्ने यांनी मढवले. एडफ्रिथ ६९८ ते ७२१ या काळात लिंडिसफार्नचा बिशप होता. लेखकाच्या बरोबरीने सोनाराचेही नाव त्या नोंदीत आहे. बिलफ्रिथचे ते वेष्टन केव्हाच नाहीसे झाले. १८५३ मध्ये डरमच्या बिशपने ग्रंथासाठी नवे रत्नजडित वेष्टन करवले तेव्हा धातूवर कोणती नक्षी घालावी हा प्रश्न आला, आणि कारागिरांनी ती ग्रंथाच्याच पानांवरून उतरवून घेतली.